टर्नला दामले काकू काय ऐकतात

ड्रॉवरमध्ये जुन्या चार्जरच्या केबल्स साठतात ना, तसे किस्से साठतात. कुठली कशाची ते कळत नाही, पण टाकवतही नाही. आमच्या शनिवारच्या पोकरचे किस्से मात्र मला एकूण एक आठवतात, कारण निम्म्यांत फजिती माझी आहे!

हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये मिलिंद, वानखेडे आणि मी रोज शेजारी बसायचो. मिलिंद वर्षभर परदेशात ऑनसाइट राहून परतला तो लिमिट होल्डेम नावाचा पोकर शिकून आणि चिप्सचा डबा घेऊनच. मग दर शनिवारी सकाळी त्याच्या कोथरूडच्या फ्लॅटवर डाव सुरू झाला. पैसे नाहीत. सगळ्यांना सारख्या चिप्स, आणि ज्याच्या आधी संपतील त्याने सगळ्यांचे कप विसळायचे.

खेळ तसा सोपा. हातात दोन पत्ते. टेबलावर आधी तीन उघडे, मग चौथा, मग पाचवा. चौथ्याला म्हणतात टर्न. पाळी आली की बेट करायचा किंवा चेक म्हणून पाळी पुढे द्यायची; कुणी बेट केला असेल तर तेवढ्याच चिप्स टाकून राहायचं, दुप्पट टाकून रेझ करायचं, नाहीतर पॅक म्हणून सोडायचं. लिमिटमध्ये बेट ठरलेला असतो, मनात येईल तेवढ्या चिप्स ढकलता येत नाहीत. पण टर्नला तो दुप्पट होतो. तोवर सगळे हौसेने बसलेले असतात, आणि तिथे घाम फुटतो.

चौथा भिडू मिलिंदची आई, दामले काकू. पंचवीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर, परगावचे कॉल जोडून द्यायच्या. गल्लोगल्ली एसटीडी बूथ झाले, बोर्डावरचं काम संपलं आणि काकू लवकर रिटायर झाल्या.

मिलिंदने त्यांना नियम सांगितले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला. "चौथ्या पत्त्याला दुप्पट का?"

"रूल आहे, आई."

"बरोबर आहे रूल," काकू म्हणाल्या. "तीन मिनिटं झाली की आम्ही लाइनवर विचारायचो, कॉल वाढवायचा का? माणूस तिथेच खरं बोलायचा."

आम्ही हसलो. पहिल्याच शनिवारी तीन डाव झाले आणि तिघांनीही कप विसळले!

*

मी त्या काळात टर्नची गणितं एक्सेलमध्ये करून ठेवली होती. मला हवे असे नऊ पत्ते शिल्लक, न दिसलेले शेहेचाळीस, मधे चिप्स किती, त्यावरून राहायचं की सोडायचं. प्रिंटआउट मांडीवर घेऊन बसायचो.

एकदा टर्नला वानखेडेने बेट केला. मी बोट फिरवत शीट बघितलं आणि जाहीर केलं, "गणिताने राहणं बरोबर आहे."

काकूंनी चष्म्यावरून बघितलं. "पत्ता येण्याची शक्यता काढलीत. तो आला तरी वानखेडेंचा हात मोठा निघेल, याची काढलीत का?"

माझा पत्ता आला. एकाच जातीचे पाच पत्ते, माझा फ्लश झाला. वानखेडेचा त्याहून मोठा, फुल हाउस निघाला.

"त्या कागदाची मागची बाजू कोरी आहे ना?" काकू म्हणाल्या. "वाणसामानाची यादी करायला द्या."

*

आमच्या मॅनेजरला हे कळलं आणि तो एका शनिवारी हजर झाला. टीव्हीवरच्या स्पर्धा बघून तयार होऊन आलेला. काळा गॉगल, चेहरा दगडासारखा. टर्नचा पत्ता पडला तसा तो उभा राहिला आणि सगळ्या चिप्स मधे ढकलल्या. "ऑल इन!"

"बसा," काकू म्हणाल्या. "इथे एवढ्या टाकायची सोय नाही. चारच टाका. आणि गॉगल काढलात तर पत्तेही दिसतील."

तो बसला आणि चारच टाकल्या. काकू राहिल्या आणि जिंकल्याही. जाताना त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "गॉगल होता, मग माझ्याकडे काहीच नाही हे त्यांना कळलं कसं?"

मी सांगितलं, "सर, त्यांनी तुमच्याकडे बघितलंच नव्हतं."

*

ते मला तेव्हा नुकतंच कळलं होतं. काकू बघत नाहीत, ऐकतात! पंचवीस वर्षं त्यांनी माणसं ऐकलेली, एकही पाहिलेलं नाही. "चेक" कसं म्हटलं, "बेट" म्हणताना ट जोरात आला की गिळला, एवढं त्यांना पुरायचं.

वानखेडे वर्ध्याचा. त्याने यावर उपाय काढला. बोलायचंच नाही! चेक असेल तर टेबलावर टकटक, बेट असेल तर नुसत्या चिप्स पुढे. तीन शनिवार तो मौनी बाबा होऊन बसला आणि सलग जिंकला. चौथ्या शनिवारी टर्नला त्याने मुकाट्याने चार चिप्स सरकवल्या. काकू पत्ते घेऊन थांबल्या. मग अगदी सहज म्हणाल्या, "वानखेडे, चहा टाकू का तुम्हाला?"

"टाका न, काकू."

"पॅक," म्हणून काकूंनी पत्ते खाली ठेवले आणि खरंच चहा टाकायला उठल्या.

वानखेडेने पत्ते उलटले. टेबलावरच्या दोन धरून चार अठ्ठ्या!

*

आणि एकदा उलटं. माझ्याकडे दोन जोड्या. टर्नला मी बेट केला, काकूंनी रेझ केलं. मी डोळे मिटून पाच मिनिटं हिशोब केला आणि पॅक म्हटलं. त्यांनी पत्ते दाखवले. सत्ती आणि दुर्री. काहीही नव्हतं!

"काकू, मी राहिलो असतो तर?"

"राहणारा माणूस लगेच राहतो. तुम्ही सोडायचं आधीच ठरवलं होतंत. कारण शोधायला वेळ लागला."

मी त्यानंतर घर घेतलं, नोकरी बदलली. दर वेळी डोळे मिटून हिशोब करायला बसलो की हे वाक्य ऐकू येतं.

*

आता शेवटचा.

त्या शनिवारी मी काकूंच्या शेजारी होतो आणि डावातून बाहेर, त्यामुळे त्यांनी मला पत्ते दाखवले होते. दोन राजे. टेबलावर तिसरा राजा. टर्नचा पत्ता पडला, टेबलावर इस्पिकची तीन पानं झाली; कुणाच्या हातात आणखी दोन इस्पिक असतील तर त्याचा फ्लश तीन राजांना हरवणार. काकूंनी बेट केला. वानखेडे विचारात पडला, आणि त्याचा मोबाइल वाजला. त्याचे बाबा. पत्ते सोडायचे नव्हते म्हणून त्याने स्पीकर लावला.

"सारं बरं आहे रे. तू फिकर नको करू. तू आपलं काम कर." बस, एवढंच. फोन बंद.

वानखेडे परत पत्त्यांकडे वळला. काकूंनी मात्र आपले पत्ते पालथे ठेवले.

"वानखेडे, आज गाडी किती वाजता आहे वर्ध्याला?"

"संध्याकाळी. कायले?"

"त्या गाडीने जा."

"पण बाबा तर बरं आहे म्हणाले न!"

"ऐकलं मी. जा."

आवाज असा होता की तो उठला. मिलिंद त्याला तिकीट काढायला स्कूटरवर घेऊन गेला. काकूंनी टेबलावरचं काही हलवू दिलं नाही. वानखेडेचे दोन पत्ते एका बशीखाली, आपले दोन दुसऱ्या बशीखाली, चारही उघडी पानं जागच्या जागी. आठवडाभर मिलिंद ओट्याशी उभा राहून जेवला.

सोमवारी वानखेडेचा एसएमएस आला. रविवारी पोचलो तेव्हा बाबांना दवाखान्यात नेत होते, हार्टचं ऑपरेशन आहे. त्यानंतर फोन बंद. आम्ही रोज लावत होतो.

पुढच्या शनिवारी डाव नव्हताच. मी नुसता जाऊन बसलो होतो. अकराच्या सुमारास बेल वाजली. दारात वानखेडे. खांद्याला बॅग, डोळे तांबारलेले, आणि डोक्यावर कॅप, कानांपर्यंत ओढलेली. कधीही टोपी न घालणारा माणूस! मुंडण झाकायला तर नाही ना? विचारायचं कुणी?

काकूंनीही विचारलं नाही. खुर्चीकडे बोट केलं. "तुमची पाळी राहिली होती."

वानखेडे बसला. बशी उचलली, पत्ते पाहिले. टेबलावरची पानं पाहिली. खूप वेळ. मग आठ चिप्स पुढे सरकवून म्हणाला, "रेझ."

काकूंनी डोळे मिटले. क्षणभरच. मग ते दोन्ही राजे पालथेच मधे टाकले.

"पॅक," त्या म्हणाल्या. "आणि ते टोपीचं सोंग काढा आता. बाबा बरे आहेत ना!"