दामूच्या छातीतली घरघर

आमचा कुत्रा खोकायला लागला, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी एकमतानं मला दोषी ठरवलं.

कारण त्याला डोंबिवलीहून घोडबंदर रोडला आणलं मी. खरं तर मी आणायला गेलो होतो आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना. आई गेल्यापासून ते डोंबिवलीच्या घरी एकटेच होते. तिसरा मजला, इमारतीला लिफ्ट नाही, आणि दोन्ही गुडघ्यांनी असहकार पुकारलेला. मी बरेच दिवस मागे लागल्यावर ते म्हणाले, "येतो. पण दामू येईल बरोबर." दामू म्हणजे तांबूस रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला, अस्सल गावठी कुत्रा. आईच्या आजारपणात तो दाराबाहेर जिन्यात येऊन बसला आणि पुढे उठलाच नाही. मग काय, शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये यथेच्छ सडून आम्ही तिघं ठाण्याला आलो, आणि महिन्याभरात दामूच्या छातीत घरघर सुरू झाली.

ही घरघर साधी नव्हती. आधी खोल आतून 'घर्रर्र', मग घसा खरवडल्यासारखं 'खर्रर्र', आणि शेवटी तोंड मिटून एक भारदस्त 'हं!' ऐकणाऱ्याला वाटावं, आता हा काहीतरी बोलणार.

"धूळ," आबांनी निदान केलं. "बाहेर बघ. रस्ता खणलाय, पूल बांधतायत, समोर तीन टॉवर उभे राहतायत. त्या बिचाऱ्याच्या फुप्फुसात सिमेंट कालवलं जातंय."

"आबा, आपण बाविसाव्या मजल्यावर आहोत."

"मग वरून पडणारी धूळ आधी आपल्याकडेच येणार!"

आबांशी वाद घालताना मला उत्तर नेहमी आंघोळीच्या वेळी सुचतं. म्हणून मी हवा शुद्ध करणारं एक यंत्र विकत आणलं. हवा चांगली असली की त्यावर निळा दिवा लागायचा, वाईट असली की लाल. घोडबंदरच्या धुळीला ते दिवसभर निळं राहिलं. संध्याकाळी माझी बायको मृणाल हिनं वरणाला लसणाची फोडणी दिली, तेव्हा मात्र ते लालभडक होऊन एवढं घोंघावायला लागलं की दामू घाबरून सोफ्याखाली गेला. नंतर मी डिओ मारून यंत्राच्या शेजारून गेलो, तेव्हाही ते लाल झालं.

"निदान झालं," मृणाल म्हणाली. "धूळ नाही, तू आहेस."

शेजारच्या सावंतकाकूंचं निदान वेगळं होतं. त्या मूळच्या कणकवलीच्या. दामूला एकदा नीट न्याहाळून त्यांनी निकाल दिला, "दृष्ट लागली याला. लिफ्टमध्ये जो तो म्हणतो, किती शांत आहे, किती शहाणा आहे! लागणारच."

मी सुशिक्षित माणूस आहे. पण यंत्राचे पैसे वाया गेल्यानंतर माझं शिक्षण जरा वरमलं होतं. काकूंनी मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या दामूवरून उतरवल्या. (त्याला वाटलं खाऊ आहे, तो सारखं हात हुंगत होता.) आणि सगळं तापलेल्या तव्यावर टाकलं. दृष्ट असेल तर मिरच्यांचा ठसका लागत नाही, हा नियम आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतो. इथं पहिल्याच क्षणी मी खोकलो, मृणाल खोकली, आमची मुलगी ईरा खोलीचं दार उघडून ओरडली, "यार बाबा, काय चाललंय!" आणि खोकली. खुद्द काकू डोळे पुसत बाल्कनीत धावल्या. न खोकता, त्या धुरात शांतपणे बसून राहिला एकटा दामू!

"बघा! त्याला ठसका नाही. म्हणजे दृष्ट आहेच!" काकू बाल्कनीतून म्हणाल्या.

"पण आम्हाला ठसका लागला, म्हणजे नाहीये," मी म्हणालो.

हा शास्त्रार्थ पुढे रंगला असता, पण छतावरच्या धुराच्या अलार्मला आमच्या परंपरांची माहिती नव्हती. तो कोकलायला लागला, मग मजल्यावरचा लागला, मग अख्ख्या टॉवरचा. बाविसाव्या मजल्यापर्यंतची माणसं गाऊनवर, बनियनवर, एक जण तर तोंडाला शेव्हिंगचा फेस लावून जिन्यानं खाली उतरली. सगळ्यांत शेवटी, गुडघे सांभाळत, एकेक पायरी मोजल्यासारखे उतरत आबा आले. बरोबर दामू. खालच्या गर्दीत उभे राहून ते मला हळू आवाजात म्हणाले, "हे बघ, मी रविवारी त्याला घेऊन डोंबिवलीला जातो. त्याला इथलं मानवत नाही."

"आबा, डोंबिवलीची हवा? तिथं वारा कुठल्या केमिकल कंपनीकडून येतोय हे वासावरून कळतं!"

"कळतं ना. तिथं निदान तेवढं तरी कळतं," ते म्हणाले.

तिसरा मजला, तो जिना, रिकामं घर, आणि गुडघ्यांना घेऊन दळण-भाजी करणारे आबा. त्यांना तिथून आणायला मी किती मिनतवाऱ्या केल्या होत्या! आता एका कुत्र्याच्या खोकल्यावर ते परत निघाले होते, आणि त्यांना थांबवायचं तर रविवारच्या आत दामूला बरं करणं भाग होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्याला घेऊन माजिवड्याच्या एका डॉक्टरांकडे गेलो. गाडीत दामू गप्प. दवाखान्यात गप्प. डॉक्टरांनी छाती तपासली, घसा बघितला, एक्स-रे काढला. सगळं स्वच्छ. "खोकतो म्हणजे नेमका कसा?" त्यांनी विचारलं.

आता हे सांगायचं कसं? मी उभा राहिलो आणि खोकून दाखवलं. डॉक्टरांनी मान हलवली, "हा तर सर्दीचा वाटतो." मृणाल म्हणाली, "अरे असं नाही, आधी आतून येतं," आणि तिनं तिचा प्रयोग सादर केला. तो जरा जास्तच नाजूक झाला. शेवटी आबा पुढे सरसावले. घर्रर्र, खर्रर्र, हं! अगदी हुबेहूब! बाहेर बसलेली एक मांजर पिंजऱ्यात उभी राहिली. डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, "आजोबा, तुम्हाला हे कधीपासून आहे?"

"मला कुठे काय आहे! मी त्याचा करून दाखवला."

"बरं," डॉक्टर म्हणाले. "असं करा, तो खोकताना व्हिडिओ काढून पाठवा. कधी, कुठे खोकतो ते दिसू द्या."

एवढं सोपं काम, पण आमच्या हातून होईना. आपण फोन घेऊन समोर उभं राहिलं की दामू एक कान उभा, एक पडलेला, असा फोटोसाठी बसायचा. शेवटी मी फोन रेकॉर्डिंगला लावून पॅसेजमधल्या चपलांच्या कपाटावर टेकवून ठेवला आणि कामाला बसलो. आमचा पॅसेज म्हणजे ओळीनं दारं. बेडरूममध्ये मृणालचं ऑफिस, पुढे ईराची खोली, आणि शेवटी स्टोअररूममध्ये गव्हाच्या पिंपाशेजारी टेबल टाकून माझं ऑफिस. दिवसभर तिन्ही दारं बंद, कारण आत तिघंही कोणाशी तरी बोलत असतात.

संध्याकाळी आबा दामूला फिरवायला खाली गेले, तेव्हा मी आणि मृणाल तो व्हिडिओ बघायला बसलो. बराच वेळ नुसता पॅसेज. मग दामू आला. माझ्या दारापाशी थांबला. बसला. घर्रर्र, खर्रर्र, हं! लगेच दार उघडलं, माझं डोकं बाहेर आलं. "हां आबा... अरे, तू होय! बरं नाही वाटत का राजा?" दामू शेपटी हलवत आत. थोड्या वेळानं तो बाहेर आला, मृणालच्या दारापाशी गेला. घर्रर्र, खर्रर्र, हं! दार उघडलं. "आले आबा... अगं बाई, तू! ये ये, बिस्कीट देते."

मृणालनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे.

आमचे आबा जुन्या वळणाचे. सुनेच्या खोलीत, स्वयंपाकघरात, कुठेही जाण्याआधी ते बाहेर थांबून खाकरतात. पदर सावरायला, पाय खाली घ्यायला वेळ मिळावा म्हणून. आज घरात पदर कोणाला नाही, ट्रॅकपँट सावरायची काय असते! पण आबांनी खाकरणं सोडलेलं नाही. आमच्याकडे आल्यापासून ते दिवसभर दारादारापाशी खाकरत होते आणि दामू त्यांच्या मागे उभा राहून बघत होता. माणसांच्या घरात आत जायची रीत अशी आहे, हे त्यानं शिकून घेतलं होतं. आबांच्या वयाची घरघरही त्यात आली होती, एक श्वास इकडचा तिकडे नाही!

आम्ही पोट धरून हसलो. मृणाल तर सोफ्यावर आडवी झाली. आणि व्हिडिओ चालूच राहिला.

त्यात आता आबा आले. हातात पेरूच्या फोडींची ताटली, वर तिखट-मीठ. माझ्या दारापाशी थांबले. घर्रर्र, खर्रर्र, हं. आतून माझा आवाज, "आबा, एक मिनिट, मीटिंगमध्ये आहे!" आबा उभे. एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत उभेच. मग मृणालच्या दारापाशी गेले, हात वर केला, आतून तिचं बोलणं ऐकू आलं तसा खाली घेतला. ईराच्या दारावरून तर न थांबताच पुढे आले. ताटली कपाटावर, फोनच्या अगदी शेजारी ठेवली, आणि त्यांचा चेहरा स्क्रीनभर झाला. दामू पायाशी होता. एक फोड त्याला देत आबा म्हणाले, "चल रे. कामात आहेत सगळी. तू खोक, तुला उघडतील."

मृणाल उठून बसली. मला फार लाज वाटली, आणि ती कुठे ठेवावी कळेना. खोकणाऱ्या कुत्र्यासाठी मी धावत दार उघडत होतो, आणि ज्यांना हाताला धरून आणलं ते पेरू घेऊन बाहेर उभे होते. धुळीनं आबांचं काही बिघडलं नव्हतं. डोंबिवलीत निदान शेजारच्यांची दारं उघडी असायची.

मृणालनं विचारलं, "डॉक्टरांना कुठपर्यंत पाठवायचा?"

"बिस्किटापर्यंत," मी म्हणालो.

आबा वर आल्यावर मी त्यांना गंभीरपणे सांगितलं, की डॉक्टरांचा फोन आला होता. दामूला हवा खेळती पाहिजे, दिवसा घरातली दारं बंद ठेवायची नाहीत, नाहीतर तो बरा व्हायचा नाही. आणि त्याला रोजच्या जागेवरून हलवायचं नाही. (फोन आलाच नव्हता. हे सगळं माझ्या पदरचं.)

"मी पहिल्या दिवसापासून काय सांगत होतो?" आबा कडाडले. "हवा! पण माझं ऐकतो कोण! डॉक्टरनं सांगितलं की पटलं!" आणि त्याच तावात त्यांनी डोंबिवलीची भरलेली पिशवी उलटी करून स्वेटर परत कपाटात ठेवला.

दारं उघडी राहिली. आता माझ्या मीटिंगमध्ये पेरू येतो. आबा खुर्ची ओढून बसतात, आमच्या बंगळुरूच्या साहेबांना "जेवण झालं का?" असं मराठीतून विचारतात, आणि मीटिंग संपल्यावर "तो चष्मेवाला तुझ्यावर जळतो," असं मला सांगतात. (खरं आहे ते.) मृणाल फोनवर असली तरी ते तिच्या पलंगाच्या टोकाला पेपर वाचत बसतात. ते आधी खाकरतात अजूनही, पण चालता चालता. दामूचा खोकला म्हणाल तर हळूहळू बंद झाला. एका दारापुरता सोडून.

ते दार ईराचं. कॉलेजच्या मुलीला डॉक्टरांचा सल्ला लागू होत नाही. "माझ्या रूमला खिडकी आहे ना बाबा, हवा येते," असं तिनं सांगून टाकलं. परवा सुट्टी होती. मला तिच्याशी काही काम नव्हतं, नुसतं जरा जाऊन बसावंसं वाटलं. आत जायला काही कारण असावं म्हणून मी चिकू सोलून घेतले. दारापाशी उभा राहिलो, आणि काही कळायच्या आत माझ्याच घशातून आवाज निघाला. घर्रर्र, खर्रर्र, हं.

"बाबा, दोन मिनिटं, कॉलवर आहे!"

मी उभा. एवढ्यात दामू आला. माझ्या शेजारी बसला, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि बेतानं, अजिबात घाई न करता खाकरला. दार तत्काळ उघडलं. "अले माझा दाम्या! ये ना!" दामू आत गेला, जाता जाता ताटलीतली एक फोड घेऊन गेला, आणि दार परत लागलं. शिकवणी आबांकडे लावावी की दामूकडे, याचा विचार करत उरलेले चिकू मीच खाल्ले, पॅसेजमध्ये उभ्या उभ्या.