न झालेली सभा

ती मासेचोरीची फिर्याद आठवली की आजही माझं डोकं तापतं.

सत्तरच्या दशकात मी सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला ठाणेदार होतो. एका सकाळी तिथल्या मच्छीमार सोसायटीचा चेअरमन ठाण्यात आला. सोसायटीतून काढलेली एक बाई धरणात जाळं टाकते, म्हणजे चोरीच करते, असं त्याचं म्हणणं. पुरावा म्हणून त्याने सभेचं रजिस्टर पुढे केलं. तिला काढण्याचा ठराव एकमताने मंजूर. खाली सभासदांचे अंगठे.

जमादाराने बाईला आणलं. नवरा गेल्यापासून तीच होडी चालवायची.

"काहून काढलं तुला?"

"चेअरमन बाहेरच्या ठेकेदाराची जाळी टाकू देतो, आमाला मासळीच गावंना. तसं मी त्याच्या तोंडावर बोलले, साहेब. पन मला काढलं, हे आत्ता इथंच कळून राहिलं."

हे मला खटकलं. सभासदांना मी एकेक करून जबाबाला आत घेतलं. सगळे सभेला हजर! मग साधाच प्रश्न केला, सभा भरली कुठे? एक म्हणाला मारुतीच्या पारावर, दुसरा म्हणाला शाळेत, तिसरा म्हणाला चेअरमनच्या ओसरीवर. चौथा एक म्हातारा होता. तो रडकुंडीला आला.

"सभा झालीच न्हाई, साहेब. रजिस्टर घरी आलं, आंगठा मागितला, दिला."

"काय लिहिलंय, विचारलं नाही?"

"कशाला? चेअरमन आपलाच मानूस हाय."

"आणि ही बाई परकी?" माझा आवाज चढला.

चोरीची फिर्याद तिथेच निकालात निघाली. खोट्या ठरावाबद्दल चेअरमनवरच गुन्हा नोंदवला, त्याला आत घातलं, सहकार खात्याला कळवलं. त्यांच्या अधिकाऱ्यासमोर खरी सभा झाली आणि तीच बाई चेअरमन झाली. ठेकेदाराची जाळी निघाली, काठावर कुजत पडलेल्या होड्या दुरुस्त झाल्या, मासळी गावू लागली.

काही महिन्यांनी तिकडे गेलो. सभेचा दिवस होता. पारावर बाई आणि तो म्हातारा, दोघंच.

"बाकीचे कुठं आहेत?"

"घरी हायेत," बाई म्हणाली. "म्हंतात, आता तू हायस न्हवं, मग आमचं काय काम?"

मी कपाळावर हात मारला. जमादाराला पाठवून एकेकाला उचलून आणावं, असं मनात आलं होतं. पण ते कोणत्याच कलमात बसत नव्हतं. लबाड चेअरमनला मी आत घालू शकलो. घरी बसलेल्या सभासदांपुढे माझी वर्दी काही कामाची नव्हती.