आईचा डावा हात

आई डायलिसिसवर होती तेव्हा तिच्या डाव्या हाताला घरात कुणी धक्का लावायचा नाही, असा बाबांचा हुकूम होता. मनगटापाशी डॉक्टरांनी रोहिणी आणि शीर जोडून फिस्टुला केलेला. मशीनच्या सुया तिथेच टोचायच्या. बोट ठेवलं की आत सतत गुरगुर लागायची, मांडीवर मांजर झोपल्यासारखी. बाबा रोज मानपाड्याला कंपनीत निघताना तिथे पंजा ठेवायचे. गुरगुर लागली की डबा उचलून चालते व्हायचे.

उजव्या हातातला फिस्टुला आधीच रक्त गोठून बंद पडला होता, म्हणून रक्त पातळ करायची गोळी सुरू झालेली. कल्याणच्या डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. हातातल्या रोहिण्या हाडांसारख्या पांढऱ्या दिसत होत्या.

"क्षार धरलाय," ते म्हणाले. "एवढी एकच जागा बरी आहे. या हाताला दाब नको. बीपी नाही, घड्याळ नाही, बांगडी नाही. हा गेला तर मशीनला लावायचं कुठून?"



पुढे माझं लग्न ठरलं. चुड्याच्या दिवशी कासारीण घरी आली. आईने उजव्या हातात बांगड्या भरल्या आणि डावा पदराखाली घेतला. आत्याने तो बरोबर हेरला.

"नवरीची आयस नं हात बोडका? शोभतं का गो?"

आईने माझ्याकडे पाहिलं. नको म्हण, एवढंच माझ्याकडून हवं होतं तिला. पण मेलं माझं मन फोटोंत अडकलेलं. मी म्हणाले, "घाल ना आई, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

कासारणीने साबण लावून, तळहात दाबून दाबून सात हिरव्या बांगड्या चढवल्या. सुजलेल्या मनगटात त्या रुतून बसल्या. मी म्हटलं, "जपून हं, काच लागली तर रक्त थांबायचं नाही." तशी आई हसली.

"लग्नघरात रक्त नको सांडायला, म्हणून गोळी चार दिवस बंदच केलीय मी."

काय हुशार बाई, म्हणून सगळ्या हसल्या. मीही हसले. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. दाब देऊ नका म्हणून डॉक्टर सांगून थकले, आणि आम्ही दाबही दिला आणि गोळीही बंद. बाबा मंडपवाला, आचारी यांच्यामागे धावत होते. दोन दिवस त्यांचा सकाळचा नेम चुकला.

पाठवणीच्या वेळी सगळ्या बायका रडत होत्या. आई तेवढी रडत नव्हती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी तिच्या गळ्यात पडले आणि सवयीने डाव्या मनगटावर बोटं ठेवली. काहीच लागलं नाही. बांगड्या वर सरकवून पुन्हा दाबून पाहिलं. हात गार होता.

"आई, अगं हे..."

"काल संध्याकाळपासून नाहीये," ती माझ्या कानात म्हणाली. "बाबांना तू गेल्यावर सांगते. लोक बघतायत. मुकाट गाडीत बस."

मी बसले.