बेलिफ पाणी पीत नाही

आमचे हे, म्हणजे शालिकराम, नागपूरच्या कोर्टात बेलिफ आहेत. कोर्टाचा हुकूम निघाला की भाडेकरूचं सामान बाहेर काढायचं, कुलूप लावायचं आणि मालकाला ताबा द्यायचा, हे ह्यांचं काम. स्वभाव मात्र असा की घरातलं झुरळसुद्धा हे समजावून बाहेर काढतात. म्हणून ह्यांनी एक नियम केला होता: ज्या घराला कुलूप लावायचं, तिथलं पाणी प्यायचं नाही. पाणी प्यालं की मग हात उचलत नाही म्हणे. मे महिन्यात, आणि तेही नागपुरात! मी कपाळावर हात मारला.

गेल्या उन्हाळ्यात इंदोऱ्यातल्या मनकर्णाबाईंच्या घराची पाळी आली. म्हातारी एकटी, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत. बाईंनी सगळीकडे खोली विचारून पाहिली, पण एवढ्या वयाच्या एकट्या बाईला ठेवतो कोण? घरमालक दादाजी वरच्या मजल्यावर, तेही एकटेच आणि तेवढेच म्हातारे. गुडघे गेलेले, जिना चढवेना, म्हणून त्यांना खाली राहायचं होतं. आता सांगा, खोटं कोण? दोघंही खरे आणि दोघंही महाहट्टी. केस लागल्यापासून बोलणं बंद.

हे हवालदार आणि हमाल घेऊन पोचले. पुढचं मला हवालदाराने सांगितलं; ह्यांच्याकडून अर्धंच कळलं असतं. मनकर्णाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. ह्यांचे ओठ सुकलेले, सदरा घामाने चिंब, तरी ह्यांनी मान हलवली.

"काहून गा? माह्या घरचं पाणी चालत नाही का तुले?" बाई कडाडल्या. "माह्या बापानं छप्पन साली धम्म घेतला, तो हे पाहाले का?"

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. बाई बौद्ध, आम्ही कुणबी, आणि मध्ये नाकारलेला तांब्या. दया करायला गेलेला माणूस नेमका नको तिथे पाय देऊन बसला होता. ह्यांनी तांब्या जवळजवळ हिसकावलाच. घटाघट रिकामा केला, आणखी एक मागितला, तोही संपवला. मग मटकन उंबऱ्यावर बसून बाईंना नियम सांगितला.

"मावशी, आता माह्याच्यानं हे घर खाली होत नाही."

"अन् माह्या गुडघ्यायचं काय?" वरून दादाजी ओरडले.

तेही बरोबरच होतं. हुकूम त्यांच्या बाजूचा होता. हवालदार भिंतीवरची पाल बघू लागला आणि हमालांनी तंबाखू मळायला घेतली.

दादाजी जिन्यावर बसून, एकेक पायरी सरकत खाली आले. वाटेत दोनदा कण्हले, एकदा शिवी दिली. मनकर्णाबाई बघतच राहिल्या. रागाने दार लावून बसल्यामुळे म्हाताऱ्याची ही दशा त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. त्यांचा जीव कळवळला. त्यांनी तांब्या भरून मुकाट्याने दादाजींपुढे धरला.

"समोरची खोली घे," त्या म्हणाल्या. "आजच घे. पण मांगच्या खोलीचं तू सांग. घर तुहं आहे. मी कुठी जाऊ?"

दादाजी पाणी पीत होते. तांब्या कधीच रिकामा झाला असेल, पण तोंडापासून हटेना.

"कुठी नको जाऊ वं," ते शेवटी म्हणाले. "रातच्याले पडलो तं मी हाक कोणाले मारू?"