वडिलांची कंबर आणि दोन ऑपरेशने
जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, म्हणून मी पायाळू. आमच्या सावली गावाकडे कुणाची कंबर धरली की पायाळू माणसाकडून कमरेत लाथ मारून घेतात. वडील तलावात जाळे टाकत; त्यांची कंबर वर्षानुवर्षे दुखत होती. मी बी.एस्सी. होऊन नागपूरहून आलो, तेव्हा ते भिंतीला हात टेकून उभे राहिले.

"मार गा जोरानं. ग्रॅज्युएटची लाथ कशी रायते, पाहू दे!"

माय हसली. मी मारली.

आठ दिवसांत त्यांच्या उजव्या पायाचा पंजा उचलेनासा झाला.

जवळच्या मूल स्टेशनहून अरुंद रुळांच्या छोट्या गाडीने त्यांना नागपूरला नेले. ते बाकावर आडवे. मी प्रत्येक स्टेशनवर उतरत होतो, पुन्हा चढत होतो.

"बस ना एका जागी. तुले काऊन चमक भरली?"

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "मार लागला होता?"

"नाई जी. चिखलात घसरलो."

मी खरे सांगून टाकले. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "मणक्यांमधली चकती झिजलेलीच होती. लाथेने सरकली असेल, नसेलही. आता तिचा तुकडा पायाकडे जाणारी नस दाबतो आहे. फार थांबलात तर पंजा कायमचा जाईल."

मार्ग दोन होते. पाठीतून नुसता तो तुकडा काढायचा. माणूस लवकर उठतो, पण झिजलेली कंबर पुन्हा दुखू शकते. किंवा सोबतच खुब्याच्या हाडाचा तुकडा लावून चकतीच्या वरखालचे दोन्ही मणके जोडायचे आणि कित्येक महिने प्लास्टरमध्ये पडून राहायचे. हाड जुळले तर दुखणे कमी, पण तिथे वाकता येत नाही.

"जाळं फेकता येईन का जी?"

"पहिल्यात बहुधा. दुसऱ्यात कठीण."

वडील माझ्याकडे वळले. "तू सांग. तू शिकला, मले का समजते?"

मी व्हरांड्याच्या टोकापर्यंत तीनदा जाऊन आलो. माझ्या कॉलेजच्या पुस्तकांत याचे उत्तर नव्हते. शेवटी म्हणालो, "पहिलं." त्यांनी लगेच कागदावर अंगठा उमटवला.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी पायाचा अंगठा जरासा वर आला. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरलो नाही.

काही महिन्यांनी वडील पाण्यात उतरले. मी नागपुरात मास्तर झालो होतो. सुट्टीत गेलो की काठावर उभा राहायचो. जाळे ओढताना त्यांचा एक हात कमरेवर जायचाच.

"दुखत नाई गा! घरी जा!" ते ओरडत.

मी जात नसे. तो हात पुन्हा जाळ्यावर येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसे.