पाठवणीचं आयरिश गाणं

बसा, चहा सांगितलाय. पण आधीच बजावून ठेवतो, मध्येच कुणी हसलं तर मी उठून आत जाईन. फजिती माझी आहे, तेव्हा मी सांगेन तशीच ऐकायची. आणि आतून माझी बायको ओरडेल, "यांचंच चुकलं!" तर तिकडे लक्ष द्यायचं नाही. ते मी शेवटी स्वतःच सांगणार आहे.

माझा बदलापूरला, बेलवलीत गाण्याचा क्लास. एकतीस वर्षं पेटी वाजवतोय. भजन म्हणा, भावगीत म्हणा, शाळेचं स्वागतगीत म्हणा, या बोटांनी काही सोडलेलं नाही. तर एके दिवशी उल्हासनगरहून गोपालशेठ घरी आले. जीन्सचे मोठे व्यापारी. सोबत त्यांची मुलगी हर्षा. ती शिकायला गेली आयर्लंडला आणि येताना नवराही तिथलाच, शॉन नावाचा, ठरवून आली.

"मास्टरजी," शेठ म्हणाले, "लडकेवाले इधर शादी में आ रहे हैं. बारह लोग. उनकी दादी भी है. उनके लिए कुछ उनका गाना मंगता है, साईं."

हर्षा म्हणाली, "केल्टिक गाने, सर. सिर्फ एक लड़की की आवाज. हाँटिंग चाहिए, एकदम रोंगटे खड़े हो जाएँ ऐसा."

"होईल की," मी म्हटलं. "पेटी मी धरीन."

"पेटी नहीं, सर."

"बरं, तबला?"

"नहीं."

"निदान तंबोरा?"

"सर, प्लीज. कुछ भी नहीं. खाली आवाज."

आता तुम्हीच सांगा, राग येईल की नाही? आचाऱ्याला घरी बोलवायचं आणि सांगायचं, चूल तेवढी पेटवू नका! मी दोघांना दार दाखवणारच होतो. पण डोळ्यांसमोर रश्मी आली आणि मी गप्प बसलो.

रश्मी माझी विद्यार्थिनी. अंबरनाथला राहते, वडील फॅक्टरीत फिटर. मुलीचा आवाज असा की तिने सा लावला की शेजारचा मिक्सर बंद होतो. तिला पुण्याला जाऊन गाणं शिकायचं होतं. इकडे बदलापुरातल्या एका औषध कंपनीत नोकरी पक्की होत आलेली. वडिलांनी, त्यांना आम्ही सगळे भाऊच म्हणतो, तिला स्पष्ट सांगितलं होतं, "जयंतीच्या कार्यक्रमात कोरसमध्ये सगळेच गातात. चार परक्या माणसांपुढं एकटी उभी राहून गा. त्यांना पटलं तर जा पुण्याला. नाही पटलं तर सरळ कंपनी." भाऊ स्वतः जन्मभर गायन पार्टीत ढोलकी वाजवणारे. त्यांना गाणं कळत नाही असं म्हणायची सोय नाही.

म्हणजे पोरीचं सगळं या एका लग्नावर आलं होतं. मी हो म्हणालो.

निघताना हर्षाने एका चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. "सर, ये शॉन की बुआ का नंबर है. गाने फायनल करने से पहले उनसे एक बार पूछ लेना."

पूछ लेना! मी! एकतीस वर्षं पोरांना सूर दाखवणारा माणूस आता एका बुआला विचारणार, की बाई गं, हे गाणं चांगलं आहे का? चिठ्ठी मी शर्टाच्या खिशात कोंबली. शर्ट गेला धुवायला. मला जराही वाईट वाटलं नाही.

मग सुरू झाली निवड. फोनवर मी तीसेक गाणी ऐकली असतील. प्रत्येक गाण्याच्या चित्रात धुकं, खाली समुद्र, वर कडा, आणि कड्यावर केस मोकळे सोडलेली बाई. अहो, मागे व्हा ना जरा! शूटिंगला आलेल्या एवढ्या लोकांत एकाला तिचा हात धरून घरी न्यावंसं वाटत नाही? मी चिडून चिडून ऐकत होतो. पण एक कबूल करतो, सूर अस्सल होते. पेटी नाही, ताल नाही, आणि तरी बाई सुरावरून तसूभर हलत नाही. याचाही मला रागच आला.

दोन गाणी लवकर ठरली. जेवणाच्या वेळी म्हणायला बरी, हलकीफुलकी. तिसरं हवं होतं पाठवणीला. आणि पाठवणीचं गाणं निवडायची माझी एक पद्धत आहे. बायको स्वयंपाकघरात काम करत असते, मी बाहेर गाणी लावतो. जिथे तिचा हात थांबतो ते गाणं पक्कं. आजवर ही पद्धत फसलेली नाही.

सातव्या गाण्याला लसूण सोलणं थांबलं. आठव्याला परत सुरू झालं. मी पुन्हा सातवं लावलं. ही पदराला डोळे पुसत बाहेर आली. "अहो, कोण आहे हो ही बिचारी?"

झालं! मला सगळं उलगडलं. ही आई आहे. मुलगी सासरी चालली आहे, तीही समुद्रापलीकडे. आई तिला नावाने हाका मारतेय. मध्येच चार बायका मागून हुंकार देतात, त्या करवल्या. मग एक कडवं अगदी सावकाश, समजावल्यासारखं येतं. ते म्हणजे नीट राहा, सासूचं ऐक, फोन करत जा. शेवटी आवाज फुटतो तेव्हा गाडी सुटते. शब्द एकही कळत नव्हता, पण कळायची गरज काय? जगात कुठेही जा, बाई एवढी रडते ती लेकीच्या पाठवणीला!

दुसऱ्या दिवशी रश्मीने गाणं ऐकलं.

"सर, याचा अर्थ बघू का? फोनवर लगेच सापडेल."

"नाही."

"फक्त दोन मिनिटं—"

"रश्मी! अर्थ बघणारे वकील होतात. आपण सूर बघायचा. शपथ आहे तुला माझी, लग्न होईपर्यंत अर्थ बघायचा नाही. अर्थ बघितलास की गाणं डोक्यात जाईल, गळ्यात राहणार नाही."

काय वाक्य बोललो हो मी! तेव्हा मलाच आवडलं होतं. तिने कानाला लागेल तसे शब्द वहीत मराठीत उतरवून घेतले आणि तीन आठवडे घासून घासून बसवले. भाऊ एकदा क्लासवर आले, मागे उभे राहून ऐकलं आणि म्हणाले, "जय भीम, मास्तर. गाणं लई जड वाटतंय लग्नाला."

"जय भीम. भाऊ, तुमची ढोलकी वेगळी, हे वेगळं," मी म्हणालो. असा मी!

लग्न रविवारी दुपारी, उल्हासनगरच्या एका हॉलमध्ये. बारा आयरिश, बाराही जणांना शेठनी गुलाबी फेटे बांधलेले. त्यांची आजी, असेल पंच्याऐंशीची, फेटा बांधूनच फिरत होती आणि भेटेल त्याला नमस्कार करत होती. माणसं भली होती. त्यांच्यावर मला आजही रागावता येत नाही, हा त्यातला आणखी एक त्रास.

जेवणाच्या वेळची दोन गाणी गेली वाया. पावभाजीच्या तव्यापुढे कुणाला ऐकू येणार? भाऊ पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून होते. त्यांचा चेहरा बघून मला घाम फुटला. आता फक्त तिसरं उरलं होतं.

चार वाजता पाठवणी. हर्षा रडतेय, तिची आई रडतेय, मावश्या रडतायत. दारात फुलांनी मढवलेली काळी गाडी उभी. मी रश्मीला खूण केली. तिने डोळे मिटले आणि सूर लावला.

हॉल चिडीचूप! खरंच सांगतो, माझ्याही अंगावर काटा आला. आणि दुसऱ्या ओळीला ते बाराच्या बारा आयरिश उठून उभे राहिले. तिसऱ्या ओळीला त्यांनी फेटे काढले आणि छातीशी धरले. मी मागून भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. "बघा! उभं राहून दाद देतायत! इथं कुणाला मिळते?"

गाणं संपलं. टाळी नाही. ते सगळे शांतपणे रांगेत आले, गोपालशेठचा हात दोन्ही हातांत धरून एकेक जण खाली मान घालून म्हणाला, "सॉरी फॉर युअर ट्रबल."

शेठना वाटलं, लग्नाच्या दगदगीबद्दल म्हणतायत. "नो ट्रबल, नो ट्रबल! माय प्लेझर!" शेठ हसून सांगतायत. ते लोक आणखीच गंभीर.

आता कोपऱ्यात होता सोफा. त्यावर शेठचे वडील, दादाजी, वय नव्वदीला टेकलेलं, जेवून आडवे झालेले. अंगावर पांढरे कपडे, गळ्यात सकाळचा हार, तोंडावर रुमाल. माशा नकोत म्हणून कुणीतरी उशाशी अगरबत्तीही लावलेली. आजीबाईंची नजर तिकडे गेली. "ओह, द पुअर मॅन," असं म्हणून त्या गेल्या, त्यांच्या उशाशी खुर्ची ओढून बसल्या आणि दादाजींचा हात हातात घेऊन त्याच गाण्याची ओळ हळूहळू म्हणायला लागल्या. बाकीचे अकरा सोफ्याभोवती माना खाली घालून उभे.

आणि मी काय करावं? मला वाटलं, गाणं इतकं आवडलंय की आजीबाई स्वतः गातायत! मी रश्मीला हातवारे केले, "गा! त्यांच्या सुरात सूर मिळव! पुन्हा पहिल्यापासून!" ती बिचारी गायला लागली.

ते ऐकून शेठच्या बहिणीने वळून पाहिलं. सोफ्याभोवती माणसं उभी, फेटे हातात, मध्ये वडील निपचित. तिने जी किंकाळी फोडली! "बाबाऽऽ!" की झालं, सगळा हॉल सोफ्याकडे धावला. मावश्यांनी टाहो फोडला. शॉनबरोबर गाडीत जाऊन बसलेली हर्षा उतरून शालू सावरत पळत आली. शेठ मटकन खाली बसले. आणि या सगळ्यावर रश्मीचा तो आवाज, कारण मी अजून हातवारे करतच होतो.

तेवढ्यात दादाजींनी रुमाल बाजूला केला, उठून बसले आणि विचारलं, "चाय आई क्या?"

आजीबाई खुर्चीसकट मागे गेल्या. दोन आयरिशांनी झेललं म्हणून वाचल्या.

मी म्हटलं होतं ना, हसायचं नाही!

मग शॉनने, म्हणजे नवऱ्या मुलाने, सगळा उलगडा केला. ते गाणं त्यांच्याकडे मढ्यापाशी बसून म्हणतात. समुद्रात बुडालेल्या माणसाची बायको ते म्हणते. त्या चार करवल्या म्हणजे रडायला आलेल्या शेजारणी. लग्नात हे गाणं लागलं, सगळे रडतायत, फुलांची काळी गाडी दारात; त्यांना वाटलं, घरात आत्ताच कुणीतरी गेलं आणि यजमान त्यांना त्यांच्या रीतीने कळवतायत. केवढा मान दिला, असं म्हणून ते उभे राहिले होते. आणि ते 'सॉरी फॉर युअर ट्रबल' म्हणजे त्यांच्याकडचं दुखवट्याचं बोलणं.

शेठ माझ्यावर धावून आले. "मास्टरजी! मेरी बेटी की बिदाई में मय्यत का गाना?"

हर्षा रडत म्हणाली, "सर, मैंने नंबर दिया था ना!"

आणि इथे मी ते केलं ज्याची मला अजून लाज वाटते. चारशे माणसांसमोर मी रश्मीवर ओरडलो. "तुला साधा अर्थ बघता आला नाही? फोन आहे ना तुझ्याकडे?"

ती हळूच म्हणाली, "तुम्ही शपथ घातली होती, सर."

राग एवढा आला होता, एवढा, की कुणावर काढावा तेच कळेना. समोर धड एकही माणूस चुकलेला नव्हता. गेली पोरगी कंपनीत, मी मनात म्हटलं, आणि ती माझ्यामुळे गेली.

आजीबाईंना एव्हाना पाणी पाजलं होतं. त्या काठी टेकत आल्या, रश्मीचा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ काहीतरी बोलल्या. शॉनने हिंदी-इंग्रजीत सांगितलं, त्यांचे यजमान मासेमारीला गेले ते परत आलेच नाहीत. त्या रात्री त्यांच्यासाठी हे गाणं म्हणायला गावात कुणी नव्हतं. आज या मुलीने म्हटलं, असं त्या म्हणतायत. शेठ ते ऐकून जागेवरच थांबले. दादाजींनी आजीबाईंना आपला चहा दिला.

मी एका कोपऱ्यात उभा होतो. भाऊ माझ्याकडे आले. मी खाली बघितलं.

"मास्तर, मी शब्द दिला होता," ते म्हणाले. "पोरगी एकटी गायली. परकी माणसं उठून उभी राहिली. मी पण रडलो, खोटं कशाला बोलू? ती पुण्याला जाणार."

अहो, माझा जीव भांड्यात पडला! आणि मी कसला सुधारतोय? छाती लगेच पुढे आली. "भाऊ, शेवटी निवड कुणाची होती! आता काळजी सोडा. पुण्यातला गुरूही मीच निवडून देतो."

"नको," भाऊ म्हणाले. "गुरू तिचा ती निवडेल. अन् निवडायच्या आधी चार जाणत्या माणसांना विचारेल."

मला झोंबलं. मी तडकून म्हटलं, "विचारू दे की! मी कुठे नाही म्हणतोय? चार माणसांना विचारायलाच हवं!"

भाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "तुम्हाला सोडून चार, मास्तर."