पारा मॅडम

कुमुद बोकडे गेल्याचं मला आमच्या विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. हातात सकाळचा चहा, आणि फोनवर जोडलेल्या हातांची रांग... पहिला संदेश निवृत्त विभागप्रमुखांचा होता, 'अपूरणीय क्षति'. ज्या माणसाने तिला बसायला एक धड खोली दिली नाही, त्याची आता क्षती झाली होती. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय. मग मीही दोन हात जोडून टाकले. त्याला आता दीड महिना होईल.

आम्ही दोघी विदर्भातल्या. ती अकोल्याची, मी वर्ध्याची. राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि आमचं मेडिकल कॉलेजचं रुग्णालय पाटी रंगवून मोठं झालं. त्याच सुमारास ती आली, लहान मुलांच्या पॅथॉलॉजीचं वेगळं शिक्षण घेऊन. आमच्याकडे तान्ह्या बाळाच्या आतड्याचा तुकडा आणि म्हाताऱ्याच्या आतड्याचा तुकडा एकाच ट्रेमधून यायचा आणि एकाच नजरेने बघितला जायचा. "बच्चा याने छोटा आदमी," असं साहेब, म्हणजे हेच तेव्हाचे विभागप्रमुख, म्हणायचे, आणि कुमुद भडकायची. मुलांचे आजारच वेगळे असतात, त्यांच्यासाठी डोळा वेगळा तयार करावा लागतो, हे तिचं म्हणणं. दर शनिवारी स्टोअरमागच्या टेबलावर ती शिकाऊ डॉक्टरांना मुलांच्या स्लाइड दाखवायची. या विषयाच्या प्रशिक्षणाची एक जागा मंजूर व्हावी, एवढाच तिचा हट्ट होता.

इकडे बाळाचं नाव छट्ठीला, सहाव्या दिवशी, ठेवतात. त्याआधी ते आजारी पडलं, तर फॉर्मवर नुसतं 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव. आया तरी कोण? फूलबाई, सुखबाई, पुन्हा फूलबाई. म्हणून कुमुद स्वतः वॉर्डात जायची, आईला गाव आणि पारा, म्हणजे वस्ती, विचारायची आणि फॉर्मच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवायची. शिकाऊ पोरांनी तिचं नाव 'पारा मॅडम' ठेवलं. तिचा पारा चढायचाही लवकर, त्यामुळे नाव चिकटलं.

एकदा आईच्या आजारपणासाठी ती दहा दिवस अकोल्याला गेली. नेमके त्यातच, एकाच दिवशी, दोन फूलबाईंच्या तान्ह्यांच्या आतड्याचे तुकडे आले. दोघांचंही पोट फुगलेलं, शी होत नव्हती. आतड्यात चेतापेशी आहेत की नाहीत, हे बघायचं होतं; नसल्या तर शस्त्रक्रिया. कोपऱ्यात पारा लिहायला कोणी नव्हतं. रिपोर्ट एकमेकांच्या नावावर गेले. ज्याचं आतडं चांगलं होतं त्याचं पोट चिरलं, आणि ज्याला खरी गरज होती ते बाळ औषध घेऊन घरी गेलं... आणि गावातच गेलं. दोन्ही रिपोर्टांवर सही माझी होती.

शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा परत आलेल्या कुमुदच्याच टेबलावर आला. जिथे चेतापेशी असायलाच नको होत्या, तिथे त्या भरपूर होत्या. तिने दोन्ही फॉर्म काढून बघितले, मग माझ्याकडे बघितलं. वरिष्ठांना दिलेल्या पत्रात तिने माझं नाव घातलं नाही. आमच्या विभागाची चूक, असं लिहिलं, आणि दोन्ही आयांना हे सांगायलाच हवं, असंही लिहिलं. साहेबांनी चौकशी लावली. मला विचारलं, मॅडम फॉर्मवर पेन्सिलीने काहीबाही लिहितात, त्याने गोंधळ होतो का? माझं प्रमोशन त्यांच्याच टेबलावर पडलं होतं. मी म्हणाले, "थोडा होता है, सर."

तेवढं पुरलं. शनिवारचा वर्ग बंद झाला, पेन्सिल बंद झाली, जागेची फाइलही कुठेतरी गडप झाली. आयांना कोणी काही सांगितलं नाही. मला प्रमोशन मिळालं.

कुमुदने मला जिन्यात गाठलं. "तू काहून बोलली तसं?"

"कुमुद, तुले माझी अडचण माहीत आहे..."

"ठीक है, मैडम," ती म्हणाली आणि वर निघून गेली. त्यानंतर अकरा वर्षं आम्ही एकाच विभागात काम केलं. ती कामाचं सगळं नीट बोलायची, पण हिंदीत. मराठीतला एक शब्दही तिने मला पुन्हा दिला नाही. तिने शिव्या घातल्या असत्या तर मी सुटले असते.

ती आजारी पडल्यावर एकदाच तेलीबांध्याच्या तिच्या घरी गेले. फोनवर भावाशी ती वऱ्हाडीत हसून बोलत होती, मला बघून फोन ठेवला आणि म्हणाली, "आइए, बैठिए." मी बसले आणि म्हटलं, कुमुद, मले माफ कर. तिने डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली.

"मुझसे क्या माँगती हैं," ती म्हणाली. "जिसका बच्चा गया, वो अब भी उसी गाँव में है. बाँधा पारा, तीसरा घर. मैं देख आई थी."

काय बघून आली, कधी, त्या बाईला काही सांगितलं का, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

ते गाव इथून गाडीने दीड तासावर आहे. मी अजून गेलेली नाही. त्याऐवजी हे सगळं इथे लिहून टाकलं, मराठीत, फूलबाईला वाचता येणार नाही अशा भाषेत.